पाप्यांचा वकील

श्रीवर्धनच्या मशिदीबाहेर शरफुद्दीन मास्तर आणि इस्माईल वकील या जुन्या दोस्तांचा वाद दर शुक्रवारी रंगायचा.

"तौबा न करता मेलेला पापी कायमचा जहन्नममध्ये," मास्तर ठणकावत.

"शिक्षा होईल, पण कायमची नाही. अल्लाहनं ठरवलं तर तीही माफ," वकील म्हणत. "जहन्नमची किल्ली तुझ्या शाळेत ठेवलीय का रे?"

मग मास्तरांचा धाकटा भाऊ याकूब वारला. शेवटपर्यंत त्याची दारू सुटली नव्हती. दफन उरकून मास्तर थेट वकिलांच्या ओसरीवर येऊन बसले.

"तुझं ते म्हणणं पुन्हा सांग."

"आज हरायला आलास की काय?" वकिलांनी हळूच विचारलं.

"हो," मास्तर डोळे पुसत म्हणाले. "मी मध्ये बोलणार नाही. पण नीट हरव."