दुसरा मजला

ट्रकांनी खाऊन टाकलेल्या सुर्ल्याच्या रस्त्यावर बस आदळली आणि आईचा मणका दबला. शहरातल्या एका हॉस्पिटलात अशा मणक्यांसाठी नव्या इम्प्लांटची चाचणी चालू होती. आईला तेच बसवलं, आणि काठी टेकत का होईना चालणारी आई पार अंथरुणाला खिळली.

फेरतपासणीला बाबांनी तिला व्हॅनमध्ये आडवी घालून नेलं. तपासणी दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद, आणि डॉक्टर खाली उतरायला तयार नाहीत. बाबा एकटेच वर गेले. नर्सने आईचं नाव पुकारलं.

"ती खाली व्हॅनमध्ये आहे," बाबा म्हणाले.

"पेशंट वर आल्याशिवाय आला असं धरत नाहीत."

"बाय, तिका जिनो चडूंक जाता जाल्यार दोतोराक कित्याक दाखयतलों?" बाबांचा आवाज चढला. जिना चढता आला असता तर डॉक्टरांना दाखवायला आणलंच कशाला असतं!

नर्सने पुढचं नाव पुकारलं.

काल टीव्हीवर त्याच डॉक्टरांचा सत्कार होता. आई पडल्यापडल्या बघत होती. गळ्यातला हार सावरत ते म्हणाले,



"चाचणी पूर्ण यशस्वी. फेरतपासणीला आलेला प्रत्येक पेशंट स्वतःच्या पायांनी जिना चढून आला."