पहिलं अक्षर

लेझरखाली हिरव्या ठिपक्याकडे एकटक बघत पडलेल्या श्रीवत्सला ऑपरेशनची भीती नव्हती; बाहेर बसलेल्या आत्याची होती. काचबिंदूनं स्वतःची नजर अधू झाल्यापासून ती त्याला तंजावरच्या आजोबांची मराठी वही वाचून दाखवायला सांगायची. तो दर वेळी म्हणायचा, “नंबर वाढलाय, बारीक अक्षर लागत नाही.” शेवटी तिनंच त्याला नंबर घालवायला अण्णा नगरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात आणलं होतं. दुसऱ्या दिवशी तपासणीत त्यानं चष्म्याशिवाय तक्त्याची शेवटची ओळसुद्धा वाचली. बाहेर येताच आत्यानं पिशवीतून वही काढली. “आता वाच, कण्णा,” ती लाडानं म्हणाली. पान लख्ख दिसत होतं. चष्म्याआड लपायची सोय उरली नव्हती. “आत्या, मी शिकलो तमिळ आणि इंग्रजी. मराठी नुसती बोलतो, वाचता येत नाही.” आत्याचं बोट चाचपडत पानाच्या माथ्यावर जाऊन थांबलं. “हा श्री. तुझ्या नावातला.”