एडक्याला पटका

दादा गेले तेव्हा वेल्ह्यात सगळ्यांना त्यांचे हेडरचे गोल आठवले. मला आमचा एडका आठवला. दादा अठरा वर्षं लष्कराच्या संघातून फुटबॉल खेळले. डोक्याला वारंवार मार बसून मेंदू झिजलाय, असं डॉक्टरांनी सांगितलं, तोवर ते माझं, त्यांच्या लेकीचं, नावही विसरले होते. गेल्या जत्रेला त्यांचे धाकटे भाऊ, बाजीकाका, एडक्याला मेंढ्यांच्या टकरीसाठी नेत होते. टेम्पो दारात उभा होता. दादांनी डोक्यावरचा पटका सोडला आणि एडक्याच्या कपाळाला गुंडाळायला घेतला. काका हसले. “दादा, नवरदेव केला व्हय त्याला? सोडा, उशीर व्हतोय.” “लई दुखतं त्याचं डोकं,” दादा म्हणाले. “मुकं हाय, सांगत न्हाई.” काकांचं हसू थांबलं. “तुमचं दुखायचं का वो, दादा?” दादांनी आजूबाजूला पाहिलं. मग ते कुजबुजले, “कोचला सांगू नगंस. उद्या मॅच हाय.”