डावी बाहुली

गिल्बर्टच्या डाव्या डोळ्यातली बाहुली जन्मापासूनच मोठी. कितीही उजेड पडो, आकसायची म्हणून नाही. त्यामुळे उन्हात गडी एक डोळा मिटून चालायचा, आणि मरोळ गावठाणातल्या बायका म्हणायच्या, मेला डोळा मारतो. लग्नाआधी ज्युलियालाही तसंच वाटलं होतं. डोळा डावा की उजवा, यात त्याच्या आईचाही गोंधळ व्हायचा. ज्युलियाचा कधीच झाला नाही.

आज दुपारी जेवून आडवा झालेला गिल्बर्ट चहाला उठेना, तेव्हा तिने नाक्यावरच्या नव्या डॉक्टरला बोलावून आणलं. त्याने नाडी पाहिली, छातीला नळी लावली, मग डाव्या डोळ्यावर बॅटरी मारली.

"आंटी, बाहुली हलत नाही."

"ती जन्मापासूनच हलत नाही. नवा डॉक्टर आला की फसतोच. उजवा बघा."

डॉक्टरने उजवा पाहिला. बराच वेळ पाहिला. मग बॅटरी बंद करून खिशात ठेवली.

"आंटी, हीपण हलत नाही."

ज्युलियाने गिल्बर्टच्या चहावर बशी झाकली.

"मग जन्मापासूनचा तो असेल," ती म्हणाली. "डावा परत बघा."