घट्ट खोचलेलं पांघरूण

“डोकं ठणकलं की आधी नळी बघायची, देव नंतर!” दवाखान्यातल्या नर्सबाईंचा दरडावणारा आवाज सासऱ्यांना आठवला. मानेचा मणका मोडल्यापासून लघवी नळीतून पिशवीत उतरायची. आत्ता पिशवी कोरडी होती, कानशिलांत ढोल वाजत होते. नळी दबली की लघवी तुंबते, रक्तदाब चढतो. चढतच राहिला तर माणूस जातो. बोटं हलत नव्हती, मुलगा कामावर होता. घरात फक्त सून. “बाबा, केवढा घाम हा!” “काही नाही गं, उकडतंय.” “उकडतंय, आणि अंगावर काटा?” तिने पांघरूण मांडीखाली आणखी घट्ट खोचलं. सासऱ्यांच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. जीव मोठा, की लाज? “पोरी, पांघरूण काढ. नळी बघ!” तिने मांडीखाली दबलेली नळी सोडवताच पिशवीत धार लागली, ढोल मंदावले. “माझ्यामुळे दबली?” “रोजच दबते गं. तुझा नवरा गुपचूप सोडवतो. इतक्या मायेनं खोचतेस, सांगवत नव्हतं.”