बाबांच्या आठवणी

"नवी सिस्टीम टाकताना यांच्या आठवणी पुसल्या जाणार नाहीत ना?" आईने सकाळपासून तीनदा विचारलं होतं. जुना कॉम्प्युटर रखडत होता, म्हणून मी बाबांच्या आठवणींची फाइल पेन ड्राइव्हवर घेतली, बाकी सगळं पुसून लिनक्स टाकलं आणि फाइल उघडली. पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी होती.

ही अक्षरं मराठीत दाखवणारा जुना फॉन्ट घ्यायचा राहून गेला होता आणि तो आता कुठेच मिळत नव्हता. शेवटच्या आजारपणात बाबा सांगत गेले, आई टाइप करत गेली. दुसरी प्रत नव्हती.

आईने चष्मा लावला. तीस वर्षं कोर्टात टायपिस्ट होती ती. "ही तर मी दाबलेली बटणं आहेत," ती म्हणाली. टेबलावर बोटं आपटत, एकेका बटणाचं मराठी अक्षर आठवत ती वाचू लागली. मी वहीत उतरवू लागले.

चौथ्या दिवशी शेवटची ओळ आली. "हिच्याशिवाय माझं पान हलत नव्हतं."

मी लिहायला लागले, तोच तिने वहीवर हात ठेवला.

"हे नको लिहूस. हे ते बोलले नव्हते."