पुराव्यादाखल

काळी पट्टी भुवयांच्या जरा वरून सुरू होऊन नाकाच्या उंचवट्यापर्यंत येत होती. डोळे पूर्ण झाकलेले. वासलेलं तोंड मात्र उघडं होतं, गळ्याच्या ताणलेल्या शिराही स्पष्ट दिसत होत्या. खाली वर्तमानपत्राने छापलेली ओळ जशीच्या तशी: बाईचं नाव, आडनाव आणि तलावात बुडालेल्या मुलाचं वय.

लेखिकेने लॅपटॉपवरून मान वर करून भिंतीवरच्या स्क्रीनकडे पाहिलं. फोटो फिकट दिसत होता. थोड्याच वेळात पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांसमोर तिचं व्याख्यान होतं, विषय ‘बातमी आणि माणुसकी’. प्रयोगशाळेतली नोकरी सांभाळून ती वर्तमानपत्रांच्या चुका दाखवणारा ब्लॉग लिहायची. हा फोटो पहिल्या पानावर छापणाऱ्या वर्तमानपत्राला तिने असं काही धुतलं होतं, की तो लेख घरोघरी पोचला. फोटोसकट.

प्राध्यापक दारातून डोकावले. “मॅडम, तो फोटो अगदी सुरुवातीलाच दाखवा हं. पोरं एकदम गार होतात. मग तासभर कोणी मोबाइलला हात लावत नाही.” आणि हसत ते चहाचं बघायला गेले.

मागच्या रांगेपाशी एक बाई उभी होती. हातात कापडी पिशवी, केस घट्ट बांधलेले. हॉलची व्यवस्था बघणारी असावी.

“अहो ताई, तेवढे खिडक्यांचे पडदे ओढता का? उजेडात फोटो नीट दिसत नाही.”

बाईने पिशवी खुर्चीवर ठेवली आणि एकेक करत सगळे पडदे ओढले. शेवटचा जरा अडकला, तो तिने हलक्या हाताने सोडवला.

“आता दिसतोय?”

“हो, छान. थँक यू.”

“मलाही दिसतोय. ती मीच आहे.”

लेखिकेने आधी स्क्रीनकडे पाहिलं, मग बाईकडे. आपण दोन चेहरे ताडून पाहतोय हे लक्षात आलं आणि तिचे कान तापले. हा चेहरा तिने लेख लिहिताना पाहिला होता, पट्टी बसवताना पाहिला होता, प्रत्येक व्याख्यानाआधी पाहिला होता. तोंड मिटलेलं असताना तो कसा दिसत असेल, हे तिच्या मनातही आलं नव्हतं.

“बसा ना... मला खरंच कल्पना नव्हती...”

“बसत नाही. लेख वाचलाय मी तुमचा. चांगला लिहिलाय, खोटं कशाला बोलू? दुःखात बुडालेल्या माणसाचा फोटो त्याला न विचारता छापू नये, असं म्हटलंय तुम्ही. मला वाटलं, चला, कोणीतरी आपल्या बाजूचं भेटलं. वर बघते तर काय, पुन्हा मीच.”

“तुमच्या भावाची मेल आली होती. मी उत्तर दिलं होतं त्यांना.”

“दिलंत की. पाठ आहे मला. ‘फोटो पुरावा म्हणून ठेवणं आवश्यक आहे. त्याच्याशिवाय वाचकांना विषय कळणार नाही.’ भावाने परत लिहिलं, तेव्हा तुम्ही ही पट्टी लावलीत. बाकीचं विचार करून कळवते म्हणालात.”

ते उत्तर लेखिकेने खोडून खोडून लिहिलं होतं, आणि जमल्यावर तिला ते आवडलंही होतं. पट्टी लावल्यावर आपण केवढं मन मोठं केलं, असं वाटून तिने ते नवऱ्यालाही सांगितलं होतं. विचार मात्र एवढाच झाला होता, की फोटो काढला तर लेख कोण उघडणार? पुढे तो गेलाच नाही.

“पट्टीमुळे ओळखू येणार नाही, असं मला...”

“खाली नाव आहे ना माझं.” बाईचा आवाज चढला नाही. “पेपरचं काय, दुसऱ्या दिवशी त्यात कोणी चपला गुंडाळल्या असतील. तुमचं रद्दीत जात नाही. माझं नाव टाकलं की सगळ्यात वर तुम्ही. धाकटी आता वाचायला लागलीये. शाळेत मुलांनी कॉम्प्युटरवर आपापल्या आयांची नावं टाकून बघितली. घरी आली ती बोलेचना. झोपताना मला म्हणते, आई, तू एवढी ओरडत होतीस, तेव्हा मी कुठे होते?”

लेखिकेने विचारलं, “कुठे आहे ती आता?”

“बाहेर बाकावर बसवलंय. इथे आत आणू कशी?”

तेवढ्यात दार उघडलं. विद्यार्थी खुर्च्या सरकवत, एकमेकांना कोपरं मारत आत आले आणि स्क्रीनकडे नजर जाताच त्यांचं बोलणं जागच्या जागी थांबलं. कोणीतरी “बाप रे” म्हणालं. बाई भिंतीला टेकून उभी राहिली. तिच्यासमोरून सगळा वर्ग गेला, पण प्रत्येकाची मान स्क्रीनकडे वळलेली होती.

लेखिकेने प्रोजेक्टरचं बटण दाबलं. पडदे ओढलेले, त्यामुळे हॉलमध्ये अंधार झाला.

“अहो मॅडम, फोटो गेला!” प्राध्यापक चहाचा कप सावरत पुढे आले. “वायर निघाली का बघा. त्याच्याशिवाय पोरांना विषय कसा कळणार?”

तिचंच वाक्य. दुसऱ्याच्या तोंडून ते किती सहज वाटत होतं.

“नाही कळला तरी चालेल,” ती म्हणाली. माइक चालू होता, तिचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. “तो फोटो मी ब्लॉगवरून काढून टाकतेय. नावासकट. आत्ता, तुमच्यासमोर.”